बॅटरी दुपारीच उतरते, चार दिवस बरी राहते, परत तेच: दोन सिम, ५जी आणि वाय-फाय एकत्र चालणाऱ्या फोनसाठी

तक्रार साधारण अशी असते. फोन दीड-दोन वर्षांचा, ५जी, दोन सिमवाला. घरी फायबरचं वाय-फाय, दुकानात दुसरं वाय-फाय. सकाळी शंभर टक्के करून निघालेला फोन दुपारी जेवायच्या वेळेला तिशीवर. गेम नाही, व्हिडिओ नाही, स्क्रीनही फार वेळ चालू नाही. कुणी सांगितलं म्हणून ॲप्स काढली, कुणी सांगितलं म्हणून फोन रिसेट मारला, काहींनी तर बॅटरीही बदलली. चार दिवस बरं वाटतं आणि मग निरोप येतो, "भावा, परत तसंच व्हायलंय."

मी कोल्हापुरात दुकानं आणि वर्कशॉपची नेटवर्क जोडायचं काम करतो. त्यामुळं हा प्रश्न माझ्याकडं राउटरच्या वाटेनं येतो: "तुम्ही नवा राउटर बसवला आणि बॅटरी खायला लागला." कधी खरंच राउटरचं सेटिंग कारण असतं, पण बऱ्याचदा राउटर निमित्त असतो. आजच्या फोनमध्ये एकाच वेळी बऱ्याच रेडिओ जोडण्या चालू असतात: पहिलं सिम, दुसरं सिम, ४जीच्या जोडीला ५जी, वाय-फाय (काही फोनमध्ये ते दोन बँडवर, म्हणजे दोन लहरपट्ट्यांवर, एकदम), वर ब्लूटूथ. जोडण्या पुष्कळ असल्या तरी फोन दिवसभर टिकू शकतो, कारण प्रत्येक जोडणी काम नसताना झोपते आणि ठरावीक क्षणी डोळे उघडून बघते. त्यातली एखादी झोपूच शकली नाही की बॅटरी जाते. म्हणून सगळं बंद करत बसण्याऐवजी जागी राहणारी जोडणी शोधा आणि तेवढीच झोपवा.

तपासणी रात्री करा

दिवसा वापर कमी-जास्त होतो, म्हणून तुलना रात्रीची. झोपताना टक्केवारी लिहून ठेवा, उठल्यावर परत लिहा. चार्जर लावायचा नाही.

एक रात्र नेहमीसारखी, सगळं चालू. दुसऱ्या रात्री एअरप्लेन मोड लावून त्यावर फक्त वाय-फाय चालू. तिसऱ्या रात्री वाय-फाय बंद, मोबाइल डेटा चालू. शक्य असेल तर आणखी एक रात्र पूर्ण एअरप्लेन मोडवर, वाय-फायही बंद.

पूर्ण एअरप्लेनवरही सात-आठ तासांत आठ-दहा टक्के गेले, तर नेटवर्कचा नाद सोडा. बॅटरी जीर्ण झाली आहे किंवा एखादं ॲप प्रोसेसरला झोपू देत नाही, आणि खालचं काहीही करून फरक पडणार नाही. फक्त वाय-फायवाल्या रात्री घट मोठी असेल, तर राउटरच्या भागाकडे जा. वाय-फायवर दोन-तीन टक्के आणि मोबाइल नेटवर्कवर पंधरा, असं असेल तर दोष सिमच्या बाजूचा. माझ्याकडं येणाऱ्यांत हाच प्रकार जास्त दिसतो. दोन्ही वेगवेगळे ठीक, पण एकत्र असताना वाईट, असंही होतं. त्याचं कारण पुढं आहे.

मोबाइलची जोडणी महाग का पडते

वाय-फायमध्ये राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदाला एक बीकन पाठवतो. त्यात 'अमुक फोनसाठी माझ्याकडं काही आलंय' अशी खूण असते. फोन तेवढ्यापुरता जागा होतो, खूण नसेल तर परत झोपतो. एखादा मेसेज आला तरी तो घेऊन सेकंदाच्या अंशात पुन्हा झोप.

मोबाइल नेटवर्कवर तसं नसतं. एक छोटा मेसेज गेला तरी टॉवरशी पूर्ण जोडणी उघडते आणि डेटा संपल्यावरही काही सेकंद, साधारण दहाच्या आसपास, उघडीच राहते. किती वेळ ते कंपनी ठरवते, फोन नाही. गिऱ्हाईक गेल्यावरही शटर उघडं ठेवून बसल्यासारखं. आता एखादं ॲप दर अर्ध्या मिनिटाला दोन ओळी पाठवत असेल, तर ती जोडणी तासातली कितीतरी मिनिटं नुसती जागी राहते. डेटा किती गेला ते बघून हे कळत नाही, कारण डेटा नगण्य असतो. खर्च होतो तो जागरणाचा.

इथेच दोन जोडण्यांचा घोळ सुरू होतो. वाय-फाय चालू असतानाही फोन मोबाइल डेटा तयारीत ठेवत असेल, किंवा वाय-फाय जरा मंद झालं की सिमवर उडी मारून परत येत असेल, तर दोन्हीकडचं जागरण पदरात पडतं. वीज वाचवायची असेल तर एका वेळी सगळी वाहतूक एकाच जोडणीवर गोळा करणं फायद्याचं, आणि घरात किंवा दुकानात ती जोडणी वाय-फायच असावी.

दुसरी गोष्ट सिग्नलची. ४जी फोनची कमाल प्रसारण शक्ती २३ डीबीएम (रेडिओची ताकद मोजायचं माप), म्हणजे सुमारे २०० मिलिवॅट. टॉवर जवळ आणि मोकळा असेल तर फोन याच्या शंभराव्या हिश्श्यातही भागवतो. सिग्नल दुबळा झाला की टॉवर त्याला 'मोठ्यानं बोल' म्हणतो, आणि दर ३ डीबीला शक्ती दुप्पट होते. आत जो ॲम्प्लिफायर असतो तो हवेत गेलेल्या शक्तीच्या दोन-तीन पट वीज बॅटरीतून ओढतो. म्हणून शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या जाड भिंतींच्या वाड्यात तळमजल्यावर बसलेल्या काकांचा फोन आणि त्याच कंपनीचं सिम असलेला रंकाळ्यावर फिरणारा फोन, यांची बॅटरी सारखी चालणारच नाही.

आकडा स्वतः बघा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या 'फोनबद्दल' भागात सिम स्टेटस उघडलं की बऱ्याच फोनमध्ये सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. काही फोनमध्ये *#*#४६३६#*#* डायल केल्यावर दिसतो. आयफोनला *३००१#१२३४५#* डायल करा. ४जीवर उणे ९५ च्या आत, म्हणजे शून्याच्या बाजूला, असेल तर निवांत राहा. उणे ११० च्या खाली गेला तर तिथं मोबाइल डेटा चालू ठेवणं महागात पडतं. उणे १२० च्या आसपास फोन तग धरायचीच धडपड करत असतो. पडद्यावरच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका; प्रत्येक कंपनी त्या आपल्या हिशेबानं दाखवते.

फोनमध्ये काय बदलायचं

सगळ्यांत मोठा फरक मी ज्या एका सेटिंगनं पडताना पाहिलाय, ते लपलेलं असतं. अँड्रॉइड ८ पासून 'मोबाइल डेटा नेहमी सक्रिय' हे आपोआप चालू असतं. वाय-फाय जोडलेलं असतानाही मोबाइल डेटा उभाच राहतो, जेणेकरून वाय-फाय तुटलं तर उडी पटकन मारता यावी. चांगल्या सिग्नलमध्ये याचा खर्च किरकोळ. दुबळ्या सिग्नलमध्ये तोच दिवसभराचा भार होतो. बंद करायला 'फोनबद्दल'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात नेटवर्किंगच्या भागात हे बटण आहे.

बंद केल्यावर एक तोटा आहे: घरातून बाहेर पडताना वाय-फाय सुटलं की मोबाइल डेटा चालू व्हायला दोन-तीन सेकंद लागतात आणि चालू असलेला व्हॉट्सॲप कॉल अडकू शकतो. माझ्या मते हा सौदा चांगला आहे.

आणि 'चार दिवस बरं, परत तेच' याचं उत्तर बऱ्याचदा इथंच सापडतं. काही बँकांची ॲप्स डेव्हलपर ऑप्शन्स चालू असतील तर उघडत नाहीत. मग माणूस पैसे पाठवायला डेव्हलपर ऑप्शन्स बंद करतो. ते बंद केलं की आतली सेटिंग्ज मूळ पदावर जातात, म्हणजे मोबाइल डेटा परत 'नेहमी सक्रिय'. बँकेचं ॲप चाललं, बॅटरी परत उतरायला लागली, आणि या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या बँकेचं ॲप असं अडवत असेल तर हे बटण विसरा आणि वाय-फायवर असताना मोबाइल डेटा वरच्या पट्टीतूनच बंद करायची सवय लावा. परिणाम तोच.

यानंतर हे बघा: सॅमसंगमध्ये इंटेलिजंट वाय-फायखाली मोबाइल डेटावर जाण्याचा पर्याय, आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या पानाच्या अगदी तळाशी वाय-फाय असिस्ट, शाओमी, वनप्लस, ओप्पो, व्हिवो यांच्या अनेक फोनमध्ये ड्युअल वाय-फाय किंवा नेटवर्क ॲक्सिलरेशन. नावं वेगळी असली तरी एकाच वेळी दोन वाटा वापरायच्या किंवा दोन्हींत उड्या मारायच्या, हेच त्यांचं काम. मोठी फाइल उतरवताना त्यांचा उपयोग आहे, रोजच्या दुकानदारीत नाही. बंद करा.

५जीचं थोडं सविस्तर सांगतो. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. जिओनं ते स्वतंत्र गाभ्यावर, म्हणजे ५जीच्या स्वतःच्या मुख्य यंत्रणेवर, उभं केलं, एअरटेलनं सुरुवात ४जीच्या आधारावर केली. आधारावरच्या पद्धतीत फोन डेटा वापरताना ४जी आणि ५जी अशा दोन्ही जोडण्या एकदम धरतो. शिवाय ५जीचा ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा बँड जाड भिंतीतून ९०० किंवा १८०० इतका सहज येत नाही, त्यामुळं आतल्या खोलीत फोन ५जी पकडतो, सोडतो, परत पकडतो. घरी वाय-फाय असेल तर तिथं ५जीचा तसाही उपयोग नाही. पसंतीचं नेटवर्क ४जीवर ठेवा, आयफोनला '५जी ऑटो' पुरेसं आहे. अमर्यादित डेटा फक्त ५जीवर मिळतो म्हणून लोक हे बदलायला तयार होत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. बाहेर पडताना ५जी, घरात ४जी, एवढी अदलाबदल जमत असेल तर करा. नाहीतर घरात मोबाइल डेटा बंद, हे तरी करा.

दुसरं सिम. हे सगळे विसरतात. शाहूवाडी, चंदगड, राधानगरीकडं गाव असलेल्या लोकांच्या फोनमध्ये हमखास एक सिम गावाकडं चालणारं आणि दुसरं शहरात चालणारं. ज्या ठिकाणी एका सिमला रेंजच नाही, तिथं ते सिम शांत बसत नाही. एकेक बँड चाळत टॉवर शोधत राहतं. पूर्ण सिग्नल असलेल्या सिमपेक्षा रेंज नसलेलं सिम जास्त वीज खातं. सिम काढायची गरज नाही, सेटिंग्जमध्ये नुसतं बटण बंद करता येतं. गावाला पोचलात की शहराचं सिम बंद, परत आलात की चालू. सोबत 'डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर' हा पर्यायही बंद ठेवा. गगनबावड्याच्या किंवा आंबा घाटात दोन्ही सिमना रेंज जाते. तेवढ्या पट्ट्यात एअरप्लेन मोड लावला तर खाली उतरल्यावर बॅटरी हातात राहते.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम करणाऱ्यांचा वेगळाच त्रास. हद्दीजवळ फोन कधी महाराष्ट्राच्या सर्कलवर तर कधी कर्नाटकच्या. रोमिंगवर गेलेला फोन अधूनमधून घरचं नेटवर्क शोधत राहतो, सापडलं की परत येतो, पुन्हा सुटतो. पाळीपुरतं नेटवर्क हातानं निवडून ठेवलं तर ही ये-जा थांबते. पाळी संपल्यावर ते 'आपोआप'वर आणायला मात्र विसरू नका, नाहीतर दुसरीकडं गेल्यावर फोनला रेंजच येणार नाही.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत पत्र्याच्या शेडखाली सिग्नल मार खातो. तिथं मालकानं शेडमध्ये वाय-फाय दिलं असेल, तर वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वाय-फायवरून कॉल, हा सगळ्यांत चांगला उपाय. भारतात ते डिसेंबर २०१९ पासून आलंय. ते चालू करून एअरप्लेन मोड लावला आणि वर वाय-फाय चालू केलं, तर मोबाइलचे रेडिओ पूर्ण बंद राहतात आणि कॉल तरी येतात. ओटीपी येतो का ते आधी एकदा तपासा. काही सिमवर येतो, काहींवर नाही. आणि लाइट गेली, राउटर बंद पडला, की हा फोन पूर्ण संपर्काबाहेर जातो, हे घरच्यांना सांगून ठेवा.

ब्लूटूथ बंद करून फारसं हाती लागत नाही. घड्याळ जोडलेलं राहू द्या. पण लोकेशनच्या सेटिंगमधलं 'वाय-फाय स्कॅनिंग' बंद करा. वाय-फाय बंद असतानाही फोन त्यामुळं आसपासची नेटवर्क हुंगत राहतो. हॉटस्पॉट वारंवार लागत असेल तर यूएसबी केबलनं द्या. हॉटस्पॉट चालू असताना फोन स्वतःच राउटर होतो, सेकंदाला दहाच्या आसपास बीकन तोच पाठवतो आणि त्याला झोप उरत नाही.

राउटरच्या बाजूनं

फक्त वाय-फायवाल्या रात्री घट जास्त होती त्यांच्यासाठी हा भाग.

राउटरच्या प्रगत वायरलेस पानावर डीटीआयएम नावाचा आकडा असतो. सगळ्यांसाठीचा सामायिक डेटा किती बीकननंतर द्यायचा, ते हा ठरवतो. १ असेल तर फोनला दर १०२ मिलिसेकंदाला कान टवकारावे लागतात, ३ केला तर साधारण ३०७ मिलिसेकंदाला. घरी ३ ठेवा. टीव्हीवर कास्ट करणं किंवा वायरलेस प्रिंटर शोधणं किंचित मंदावेल, एवढंच. डब्ल्यूएमएम पॉवर सेव्ह (फोनला झोपू देणारी राउटरची सोय) चालू असू द्या, वाय-फाय ६ राउटर असेल तर टार्गेट वेक टाइमही. या दुसऱ्यात फोन आणि राउटर पुढच्या भेटीची वेळच ठरवून घेतात.

दुकानांत मला वारंवार सापडलेलं कारण वेगळं आहे. सीसीटीव्ही, डीव्हीआर, बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि सगळ्यांचे फोन एकाच नेटवर्कवर. ही यंत्रं सतत 'कोण आहे का' अशी सामायिक हाक मारत राहतात आणि प्रत्येक हाकेला झोपलेला फोन जागा होतो. महाद्वार रोडवरच्या गजबजलेल्या दुकानात हे फार जाणवतं. फोनसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढा, आयपी टीव्ही (इंटरनेटवरून चालणारा टीव्ही) असेल तर आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे टीव्हीचा डेटा मागणाऱ्यालाच देणारी राउटरची सोय, चालू करा. नेटवर्कचं नाव लपवून ठेवू नका. नाव लपवलं की फोनला ते नाव घेऊन स्वतःच हाका माराव्या लागतात, दुकानाबाहेर गेल्यावरसुद्धा. सुरक्षेत त्यानं काही भर पडत नाही.

जाता जाता: यूपीआयच्या साउंडबॉक्सलाही हेच लागू. त्यात सिम असतं आणि दुकानाच्या आतल्या कोनाड्यात त्याला रेंज नसते. रस्त्याकडच्या काउंटरवर ठेवा, चार्ज जास्त टिकेल.

वाय-फाय ७ चा राउटर घेतला असेल तर

नवा राउटर बसवल्यावर तक्रार सुरू झाली असेल तर इथं बघा. वाय-फाय ७ ची प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ पासून मिळायला लागली. त्यात मल्टी-लिंक ऑपरेशन, म्हणजे एमएलओ, हा मोठा बदल: फोन आणि राउटर एकच जोडणी करतात, पण ती २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन वाटांनी चालते. दोन वाटा म्हणजे दुप्पट वीज, असं लगेच धरू नका. रचना नीट विचार करून केलेली आहे. प्रत्येक वाटेची झोप स्वतंत्र असते. फोन एकाच वाटेचे बीकन ऐकतो, दुसरी झोपलेली राहते, आणि झोपलेल्या वाटेवर काही थांबलंय का हेही जागी वाट सांगते. ईएमएलएसआर नावाच्या पद्धतीत फोन कमी ताकदीनं दोन्हीकडं कान देतो आणि जिकडं हालचाल होईल तिकडं सगळे अँटेना वळवतो.

बिघडतं ते अंमलबजावणीत. राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं असेल, किंवा फोन दोन्ही वाटा कायम जाग्या ठेवत असेल, तर दोन रेडिओंचा खर्च लागतो. दूरच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झची वाट इतकी दुबळी होते की ती जोडणं-तोडणं यातच वीज जाते. आधी राउटर आणि फोन दोन्हींचे अपडेट घाला. मग एक रात्र एमएलओ बंद करून वरची तपासणी परत करा. बऱ्याच राउटरमध्ये एमएलओचं वेगळं नाव असलेलं नेटवर्क निघतं. फोन साध्या नेटवर्कवर आणि लॅपटॉप एमएलओवर, अशी वाटणीही चालते. तुमचा फोन वाय-फाय ६ चा असेल तर तो एमएलओ वापरतच नाही, दोष दुसरीकडं शोधा.

पुराच्या दिवसांत

२०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं काय केलं ते चिखली, आंबेवाडी आणि शिरोळकडच्या लोकांना सांगायला नको. लाइट जाते, टॉवर जनरेटर आणि बॅटरीवर चालतात, जवळचा बंद पडला की फोन लांबचा पकडतो आणि पूर्ण शक्तीनं बोलायला लागतो. अशा वेळी ज्या सिमला रेंज आहे तेच एक चालू ठेवा, ४जीवर. मोबाइल डेटा बंद ठेवून तासातून एकदा चालू करा, मेसेज एकगठ्ठा येऊ-जाऊ द्यात, परत बंद करा. वाय-फाय, स्कॅनिंग, हॉटस्पॉट बंद. पण फोन एअरप्लेन मोडवर ठेवून झोपू नका. आपत्तीचे इशारे टॉवरवरून प्रसारित होतात, ते एअरप्लेनवर येत नाहीत, आणि बोटवाल्यांचा फोनही येणार नाही.

परत सुरू झालं तर

फोनचं मोठं अपडेट, नेटवर्क सेटिंग्ज रिसेट, सिम बदलणं किंवा पोर्ट करणं, डेव्हलपर ऑप्शन्स बंद-चालू करणं, फायबरवाल्यानं राउटर बदलून देणं: यातलं काहीही झालं की वर केलेलं काही ना काही पुसलं जातं. राउटर फॅक्टरी रिसेट झाला तर डीटीआयएम परत मूळ आकड्यावर येतो. आधी एवढं तपासा: मोबाइल डेटा नेहमी सक्रिय, दुसऱ्या सिमची रेंज, पसंतीचं नेटवर्क. तरीही उतरत असेल तर ज्याला दाखवायला न्याल त्याला फोनचं मॉडेल, दोन्ही सिमचा घरातला आणि दुकानातला डीबीएम आकडा आणि त्या तीन-चार रात्रींची टक्केवारी लिहून द्या. नुसतं 'बॅटरी लवकर उतरतीया' सांगितलं तर तोही बॅटरीच बदलून देईल.